खोट्याचे तारण

माणूस खोटे का बोलतो, या प्रश्नाचे उत्तर नीतिपाठांच्या पुस्तकांनी फार सोपे करून ठेवले आहे. त्याला मोह पडतो, त्याचे मन दुबळे असते, लहानपणी त्याच्यावर योग्य संस्कार झालेले नसतात. म्हणून तो खोटे बोलतो, असे ते उत्तर. या उत्तराच्या भरवशावर शाळेच्या भिंतीवर ‘नेहमी खरे बोलावे’ हे वाक्य रंगवले जाते, आणि त्याच भिंतीआड तपासणीच्या आदल्या दिवशी हजेरीपटातले रिकामे रकाने भरून घेतले जातात. भिंत आणि हजेरीपट यांत काही विसंगती आहे असे तेथे कोणालाच वाटत नाही. मुलांनाही वाटत नाही. भिंतीवरचे वाक्य वाचण्यासाठी असते आणि हजेरीपट भरण्यासाठी असतो, एवढा धडा ती फार लवकर शिकतात.

वस्तुतः येथे दोन प्रश्न एकात मिसळले गेले आहेत. माणूस पहिल्यांदा खोटे का बोलतो हा एक प्रश्न, आणि खोट्याची सवय कशी जडते हा दुसरा. पहिले खोटे भीतीपोटी किंवा गरजेपोटी बोलले जाते व बोलणाऱ्याला ते सलत राहते. सवय जडण्यासाठी मात्र एकटा माणूस पुरत नाही. त्यासाठी ते खोटे आहे हे ठाऊक असून ऐकून घेणारा लागतो, लिहून घेणारा लागतो, त्यावर शिक्का उमटवणारा लागतो. सवय ही व्यक्तीची असण्याआधी व्यवस्थेची असते. महाराष्ट्रातील जमिनीचे आणि मजुरीचे कागद चाळले, तर ही सवय कशी घडत गेली याचा इतिहास त्यांत सापडतो.

मुंबई राज्यात १९४८ साली कुळकायदा झाला. त्याला १९५६ मध्ये मूलगामी दुरुस्ती करण्यात आली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जमीन कसत असलेले कूळ काही अपवाद वगळता तिचे खरेदीदार मानले जाणार होते. यानंतर शेतजमीन न्यायाधिकरणाने कुळाला बोलवायचे, जमीन घेण्याची त्याची इच्छा आहे का हे विचारायचे, किंमत ठरवायची आणि हप्ते बांधून द्यायचे, अशी रीत होती. कूळ खरेदीला तयार नसेल तर खरेदी निष्फळ ठरे, आणि कायद्याने घातलेल्या मर्यादेत ती जमीन मालकाकडे परत जाण्याची वाट मोकळी होई. कायदा करणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती. खरे बोलण्यात ज्याचे हित आहे तो माणूस खरे बोलेल, असा त्यांचा समज होता.

कचेरीत घडले ते निराळेच. पिढ्यान्‌पिढ्या ज्या वावरात राबले त्याच वावराविषयी विचारले असता अनेक कुळांनी सांगितले, की जमीन घेण्याची आपली इच्छा नाही. काहींनी तर आपण कूळ नव्हतोच, केवळ मजुरीने राबत होतो, असा जबाब दिला. कृषक दिनापूर्वीही हेच चालू होते. कुळांचे राजीनामे घेतले जात आणि त्यांवर ‘स्वखुशीने’ हा शब्द न चुकता लिहिलेला असे. वि. म. दांडेकर आणि ग. ज. खुदानपूर यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीची केलेली पाहणी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९५७ साली प्रसिद्ध केली. कायद्याने ज्यांना संरक्षण दिले त्यांच्याच जमिनी मोठ्या प्रमाणावर ‘स्वखुशीने’ सुटत होत्या, हे त्या पाहणीने उघड केले. भुकेला माणूस पुढ्यातले ताट स्वखुशीने सारतो यावर विश्वास ठेवण्याइतके भोळे त्या काळी कोणी नव्हते.

मग कूळ खोटे का बोलले? त्याच्या राहत्या घराखालची जागा मालकाची होती. बियाणे मालकाच्या कणगीतून येई, लग्नकार्याचे कर्ज मालकाच्या वहीत मांडलेले असे, विहिरीचे पाणी आणि गुरांची चराई मालकाच्या शब्दावर चाले. न्यायाधिकरण वर्षातून एक दिवस भेटणार. मालक तीनशे पासष्ट दिवस समोर उभा राहणार. अशा स्थितीत कुळाने जो हिशेब केला तो अनीतीचा नव्हता, तो घाबरलेल्या माणसाचा हिशेब होता. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या खोट्याने कोणीही फसले नाही. कुळाला सत्य ठाऊक होते, मालकाला ठाऊक होते, जबाब लिहून घेणाऱ्या कारकुनालाही बहुधा ठाऊक होते. तिघांनाही ठाऊक असलेले सत्य बाजूला ठेवून तिघांनी मिळून एक कागद तयार केला, आणि त्या कागदाने जमिनीची मालकी ठरली. कोणाला फसवण्यासाठी नव्हे, तर कागद पुरा करण्यासाठी बोललेले खोटे ही सार्वजनिक जीवनातील खोटेपणाची पहिली पायरी होय.

दुसरी पायरी बलवानांनी बांधली. महाराष्ट्र शेतजमीन कमाल धारणा अधिनियम १९६१ साली झाला. कायदा येणार याची चाहूल आधीच लागलेली असल्याने जमिनींच्या वाटण्या, बक्षीसपत्रे आणि विक्र्या यांना ऊत आला होता. हे इतके उघड होते, की ४ ऑगस्ट १९५९ नंतर कायदा चुकवण्यासाठी केलेल्या हस्तांतरणांचा विचार खुद्द कायद्यालाच करावा लागला. तरीही मुले, सुना, जावई, गडी यांच्या नावांवर कागदोपत्री जमिनी चढत राहिल्या. आपल्या नावावर किती एकर आहे हे सातबारा पाहीपर्यंत त्यातल्या कित्येकांना ठाऊकही नसे. कुळाचा आवाज जबाब देताना कापत होता. येथे कोणाचाही आवाज कापला नाही. वकिलाच्या सल्ल्याने, मुद्रांकाच्या कागदावर, साक्षीदारांसमक्ष जे लिहिले जाते ते खोटे असू शकते, ही कल्पनाच तेथे कोणाला शिवली नाही. त्याला ‘व्यवहार’ असे नाव होते.

भाषाही अशा वेळी पक्षपाती बनते. गरिबाचे खोटे ही लबाडी, श्रीमंताचे खोटे हा व्यवहार आणि सरकारचे खोटे ही उद्दिष्टपूर्ती. यांतले तिसरे सर्वांत सुसंस्कृत, कारण त्यात एकही शब्द उघडपणे खोटा नसतो. १९६३ साली डॉ. राममनोहर लोहिया यांनी लोकसभेत सांगितले, की देशातील २७ कोटी माणसे दिवसाला ३ आण्यांवर जगतात. सरकारपक्षाने १५ आण्यांचा आकडा पुढे केला. तो सरासरीचा होता, आणि सरासरीत गिरणीमालक व खडी फोडणारी बाई एकाच पंगतीला बसतात. आकडा खोटा नव्हता. त्याचा उपयोग खोटा होता. ‘नरो वा कुंजरो वा’ असे म्हणणाऱ्या धर्मराजाचा रथ त्या दिवशी जमिनीला टेकला, असे महाभारत सांगते. सरासरी सांगणाऱ्यांचे रथ मात्र अधांतरीच धावत असतात.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण तेथे दुबळ्यांचे खोटे आणि बलवानांचे खोटे एकमेकांत मिसळतात. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी स्त्री-पुरुष खडी फोडण्याच्या आणि बंधारे घालण्याच्या कामांवर होते. त्याच अनुभवातून वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हे तत्त्व देशात प्रथम या राज्याने कायद्यात लिहिले. ही महाराष्ट्राची खरोखरीच अभिमानाची गोष्ट होय. त्याच योजनेतील भ्रष्टाचाराने बोगस मस्टर हा शब्द घराघरांत नेला, हेही तितकेच खरे.

बोगस मस्टर कसे तयार होते? मजुरी केलेल्या कामाच्या मोजमापावर ठरे. मोजमाप उशिरा होई, पगार आठवड्यांनी रखडे. अशा वेळी मुकादम सांगे, की हजेरी सहा दिवसांची लावतो, काम चार दिवसांचे झाले तरी चालेल; वरच्या पैशांत अर्धा वाटा द्यायचा. घरातल्या आणखी एकाचे नाव घाल, तो कामावर नसला तरी चालेल, असेही तो सांगे. चूल पेटवण्याची चिंता असलेला मजूर अंगठा उठवी. पहिल्या खेपेला तो क्षणभर घुटमळे. तिसऱ्या खेपेला शाईची डबी कोठे आहे एवढेच विचारी. त्या अंगठ्याच्या आडोशाला वर शेकडो नावे चढत. मृतांची नावे चढत, गाव सोडून गेलेल्यांची चढत, कधी जन्मालाच न आलेल्यांचीही चढत. मजुराच्या पदरात दोन दिवसांची जास्तीची मजुरी पडे. बांध न घालताच बांधाचे बिल निघे.

या प्रकाराकडे पाहून मध्यमवर्गीय वाचक म्हणतो, की मजूरही काही कमी नाहीत. हे म्हणणे सोयीचे आहे, आणि तेथेच खरा घात आहे. मजुराला दोन दिवसांची हजेरी कोणी दयेपोटी दिलेली नसते. ती त्याच्या तोंडाला लावलेल्या कुलपाची किंमत असते. उद्या बांध वाहून गेला, बिलाची चौकशी लागली, तर तक्रार कोण करणार? मस्टरवर अंगठा त्याचा आहे. तक्रार करायला उठणाऱ्याला एवढेच विचारले जाते, ‘तू सही केलीस ना?’ सावकार जसा दागिना तारण ठेवून घेतो, तसे गरिबाचे लहान खोटे बलवानाने तारण म्हणून ठेवून घेतलेले असते. त्या तारणावर तो मोठे खोटे निर्धास्तपणे उचलतो. खोट्याची सवय म्हणजे खोट्याची नुसती पुनरावृत्ती नव्हे. स्वतःच्या लहान खोट्यामुळे दुसऱ्याच्या मोठ्या खोट्याविरुद्ध बोलण्याचा हक्क गमावून बसणे, हा त्या सवयीचा गाभा आहे.

मजुरांच्या मस्टरला लागू पडते ते इतरत्रही लागू पडते. विकास सोसायटीत मार्चअखेर ‘नवे-जुने’ केले जाते. जुने कर्ज फिटल्याची नोंद होते आणि लगोलग नवे कर्ज दिल्याची नोंद होते. मधल्या काळात शेतकऱ्याच्या हाती एक रुपयाही आलेला नसतो व त्याने फेडलेलाही नसतो. शेतकऱ्याची पत राहते, सचिवाची वसुली दिसते, जिल्हा बँकेचा ताळेबंद सजतो. सर्वांची सोय होते म्हणून कोणालाच त्यात गैर वाटत नाही. परंतु त्या शेतकऱ्याला पुढे कर्जबाजारीपणाचे गाऱ्हाणे मांडायचे झाले, तर त्याचेच खाते त्याच्याविरुद्ध साक्ष देते. खात्याप्रमाणे तो दर वर्षी वेळेवर कर्ज फेडणारा सुखी माणूस असतो.

हीच साखळी विधिमंडळाच्या आणि संसदेच्या पायरीपर्यंत जाते. निवडणूक लढवणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात २०२२ मध्ये ही मर्यादा विधानसभेसाठी ४० लाख आणि लोकसभेसाठी ९५ लाख रुपये ठरवण्यात आली. प्रत्यक्षातील झेंडे, गाड्या, जेवणावळी आणि मतदानाच्या आदल्या रात्रीची पाकिटे पाहणाऱ्या मतदाराला सादर झालेल्या हिशेबाची योग्यता सांगावी लागत नाही. येथे कायद्याचा इतिहासही बोलका आहे. उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही त्याच्याच खर्चात धरला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९७४ मध्ये दिला. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला, मग कायदा दुरुस्त झाला आणि पक्षाचा व मित्रांचा खर्च हिशेबाबाहेर ठेवण्याची सोय करण्यात आली. ही सोय आक्रसण्यासाठी २००३ साल उजाडावे लागले. खरे बोलणे अवघड जात आहे असे दिसताच कायदाच बदलून खोटे कायदेशीर करण्यात आले. ज्या प्रतिनिधीचे पहिले सार्वजनिक कृत्य हा हिशेब असते, त्याने पुढे कोणत्या तोंडाने तलाठ्याला जाब विचारावा?

हा प्रश्न केवळ सत्ताधाऱ्यांना विचारून भागणार नाही. समतेच्या चळवळींनीही तो स्वतःला विचारला पाहिजे. अधिवेशनापूर्वी सभासदांच्या याद्या कशा फुगतात, वर्गणीचे पैसे एकाच खिशातून कसे भरले जातात, पाचशेंच्या मोर्चाचे वृत्त पाच हजारांचे कसे होते, हे कार्यकर्त्यांना ठाऊक असते. कार्य पवित्र आहे, तेव्हा आकडा थोडा वाढवल्याने काय बिघडते, असे समर्थन केले जाते. बिघडते ते असे, की जिल्ह्याने तालुक्याचे खोटे स्वीकारले की तालुका जिल्ह्याच्या खोट्याविषयी बोलेनासा होतो. येथेही तारण ठेवले जाते, फक्त सावकार आपलाच असतो. संघटनेला स्वतःची शक्ती किती आहे हेच कळेनासे होते, आणि निवडणुकीच्या दिवशी यादीतली माणसे कोठे गेली याचा शोध घेण्याची पाळी येते.

येथे एक आक्षेप उभा राहतो. खोट्याचे खापर परिस्थितीवर फोडले, तर माणसाची जबाबदारी उरली कोठे? हा आक्षेप रास्त आहे. कुळाच्या खोट्या जबाबाने मालकाइतकेच कुळाच्या मुलाबाळांचे भवितव्य ठरवले, आणि त्या जबाबाची जबाबदारी त्याच्यावरून पूर्णपणे दूर करता येत नाही. शिवाय याच महाराष्ट्रात लाखो कुळांनी खरे सांगितले व ती जमिनीची मालक झाली. परिस्थिती माणसाला खोटे बोलायला प्रवृत्त करते, ती त्याची जीभ ओढून काढत नाही. परंतु जबाबदारीची वाटणी करताना शक्तीचे माप पाहिले पाहिजे. ज्याला खरे बोलण्याची किंमत घरादाराने मोजावी लागते आणि ज्याला ती केवळ नफ्याने मोजावी लागते, त्या दोघांना एकाच तराजूत घालणे हाही एक खोटेपणाच होय.

उपाय कोठे शोधावा, याचा एक धागा गांधीजींच्या आत्मकथेत आहे. पंधराव्या वर्षी त्यांनी भावाच्या कड्यातील सोन्याचा तुकडा चोरला. तो सल असह्य होऊन त्यांनी वडिलांना चिठ्ठी लिहून कबुली दिली. आजारी वडिलांनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले आणि चिठ्ठी फाडून टाकली गेली. मुलाच्या धैर्याचे कौतुक सर्वजण करतात. पण ते सत्य ज्याच्या हाती पडले तो माणूस कसा होता, याकडे फारसे लक्ष जात नाही. खऱ्याला बोलणारा हवा तसा झेलणाराही हवा.

गांधीजींनी १९१७ साली चंपारणात हाच धागा सार्वजनिक जीवनात आणला. वीस कट्ठ्यांतील तीन कट्ठे निळीखाली ठेवण्याची सक्ती असलेल्या रयतेने आजवर निळवाल्यांच्या धाकाने तोंड उघडले नव्हते. तेथे हजारो शेतकऱ्यांचे जबाब लिहून घेण्यात आले. नियम असा होता, की प्रत्येकाची उलटतपासणी करायची आणि कसोटीला न उतरणारा जबाब टाकून द्यायचा. गाऱ्हाणे खरे असले तरी अतिशयोक्ती चालणार नव्हती. गुप्त पोलीस खात्याचा अधिकारी समोर बसलेला असताना हे चाले. ज्याच्या सावलीलाही रयत भीत होती त्याच्या देखत ती बोलू लागली, कारण ती एकेकटी नव्हती. पुढच्याच वर्षी कायद्याने तीनकठिया पद्धत संपली.

सात-आठ दशकांनंतर राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने तीच वाट नव्याने चोखाळली. २ डिसेंबर १९९४ रोजी कोटकिराना गावात पहिली जनसुनवाई झाली. मस्टर आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचण्यात आली. ज्यांनी कामावर पाऊलही ठेवले नव्हते त्यांची नावे त्यांच्याच शेजाऱ्यांनी ऐकली. कचेरीच्या कपाटात जे निर्विवाद सत्य होते ते उघड्या मांडवात काही क्षणांत खोटे ठरले. या आंदोलनाच्या रेट्यातूनच माहितीच्या हक्काची मागणी देशभर गेली. महाराष्ट्रात २००२ साली व केंद्रात २००५ साली त्याचा कायदा झाला. जनसुनवाईने साधले ते एवढेच, की गहाण पडलेले तारण सुटले. सर्वांची लहान खोटी सर्वांसमक्ष एकाच वेळी उघडी पडली, तेव्हा त्यांच्या जोरावर कोणाचे तोंड बंद करणे शक्य राहिले नाही.

हे काम यंत्राने होईल अशीही एक आशा अलीकडे बाळगली गेली. केंद्राच्या रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवर छायाचित्र घेऊन हजेरी लावणे सक्तीचे झाले. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना कळवावे लागले, की कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढवली जात आहेत, इतकेच नव्हे तर छायाचित्राचेच छायाचित्र काढून हजेरी भरली जात आहे. अंगठ्याची जागा छायाचित्राने घेतली; मुकादम आणि मजूर यांच्यातील नाते होते तेथेच राहिले. मजुरी रखडणे थांबले नाही, तोपर्यंत जास्तीच्या हजेरीचा मोहही थांबणार नव्हता. उलट ज्या बाईचे छायाचित्र नेटवर्कअभावी चढले नाही, तिच्या खऱ्या घामाची हजेरी बुडाली.

तेव्हा खरे बोलण्याचा उपदेश करण्यापूर्वी खरे बोलणे परवडेल अशी व्यवस्था उभी करणे, हे समाजवाद्यांचे काम आहे. मजुरी वेळेवर मिळणे, कर्जाची फेड पिकाच्या ऐपतीनुसार ठरणे, राहत्या घराची जागा कोणाच्या मेहेरबानीवर नसणे, हे सर्व अर्थकारणाचे प्रश्न वाटतात. ते सत्याचेही प्रश्न आहेत. मात्र तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. गावातील मस्टर, सोसायटीची खतावणी आणि निवडणुकीचे हिशेब चौकात मागवून वाचता येतात. कायद्याने तो अधिकार दिलेला आहे. हा उपक्रम हाती घेणाऱ्या संघटनेने सुरुवात मात्र स्वतःपासून करावी. तालुक्याच्या पुढच्या बैठकीत आधी स्वतःची सभासद-यादी आणि वर्गणीची वही मोठ्याने वाचावी, बनावट नावांवर काट मारावी, उरतील तेवढीच माणसे मोजावीत. ती कदाचित चाळीसच भरतील. ती चाळीस माणसे दुसऱ्या दिवशी मस्टर मागायला कचेरीत गेली, तर ‘आधी तुमच्या वहीचे बोला’ असे त्यांना कोणी म्हणू शकणार नाही.